जपानला निघालीस ना, मग आधीच सांगून ठेव

या वेळचं पत्र कोकणातल्या खेड तालुक्यातून आलं आहे. थोडं आवरून देते:

“आपा, अस्सलामु अलैकुम. माझा नवरा सॉफ्टवेअरच्या कामासाठी टोकियोला गेला आहे, एदोगावा भागात राहतो. आता मी आणि आमची चार वर्षांची मुलगी त्याच्याकडे जाणार, कागदपत्रं चालू आहेत. मी डोक्यावर स्कार्फ घेते, पाच वेळची नमाज पढते. सासूबाईंचं म्हणणं, त्या देशात डुकराशिवाय आणि दारूशिवाय काही शिजतच नाही. नवरा म्हणतो सगळं जमतं, पण तो स्वतः अंडी-भात खाऊन दिवस काढतोय. मुलगी शाळेत काय खाणार? नमाज कुठं पढायची? लोक टक लावून बघतात का? इथून काय न्यायचं? आणि एक विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारते. परक्या मुलखात कुणाचं बरंवाईट झालं तर तिथं माती मिळते का?
— एक बहीण”

व अलैकुम अस्सलाम, बहिणी.

शेवटचा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस. त्याचं उत्तर शेवटी देते, पण टाळत नाही. आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जपानमध्ये चार दिवस आधी सांगितलेली गोष्ट बहुतेक होते आणि ऐनवेळी सांगितलेली बहुतेक होत नाही. हॉटेलचं स्वयंपाकघर असो, शाळा असो की दवाखाना, इथं सगळं ठरल्याप्रमाणे चालतं. जेवणाच्या मेजावर बसल्यावर “यात पोर्क आहे का” असं विचारलंस तर वेटर गोंधळतो, आत जातो, बाहेर येतो आणि वाकून माफी मागत म्हणतो की जमणार नाही. त्यात तिरस्कार नसतो. चुकीचं उत्तर दिलं जाईल ही भीती असते. तेच आदल्या दिवशी फोन करून सांगितलंस तर कधीकधी तुझ्यासाठी वेगळा तवा काढून ठेवलेला दिसेल. आपल्याकडं धर्माचं कारण पुढं करायला माणूस कचरतो, लोकांना उगाच त्रास नको म्हणून गप्प बसतो. इथं गप्प बसण्यानंच समोरच्याला जास्त त्रास होतो. एवढं नवऱ्यालाही समजाव, कारण अंडी-भातावर राहणारा माणूस बहुतेक कुणाला काही विचारत नसावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. तुमच्यासाठी नवरा तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचा दाखला काढेल आणि तो दाखवून तुम्हाला कुटुंबाचा व्हिसा मिळेल. दाखला तीन महिनेच चालतो, तेव्हा तो हातात आला की व्हिसाला उशीर करू नको. निकाहनामा उर्दूत असेल तर नुसत्या त्याच्यावर विसंबू नको. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत लग्नाची नोंदणी करून तिचा दाखला घे, भाषांतर करून घे, आणि निकाहनामा, पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला या तिन्हींवर नावांचं स्पेलिंग एकच आहे ना ते आजच बघ. आपल्याकडं एकाच बाईचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि सगळा घोळ तिथं होतो. नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरलीस की रहिवासी कार्ड मिळेल. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन त्यावर पत्ता चढवायचा, आणि पुढं ते कार्ड कायम जवळ ठेवायचं. या व्हिसावर नोकरी करायची झाली तर वेगळी परवानगी लागते, आणि ती आठवड्याला २८ तासांपर्यंतच्या कामाची मिळते.

विमानाचं तिकीट काढतानाच मुस्लिम जेवण नोंदव. निघायच्या आदल्या दिवशी आठवलं तर उशीर झालेला असतो.

आता बॅग. मटण, चिकन, खिमा यांचा कुठलाही पदार्थ नेऊ नको. सुकवलेला नको, डबाबंद नको, सासूबाईंनी मायेनं करून दिलेलं मटणाचं लोणचंही नको. जपानमध्ये बाहेरून मांस आणण्यावर कडक बंदी आहे. विमानतळावर वास घेणारे कुत्रे फिरत असतात आणि कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३० लाख येनपर्यंत दंड लिहिलेला आहे. हापूसची पेटीही नको. ताज्या फळांना वनस्पती तपासणीचे नियम लागतात आणि घरून बांधून नेलेला आंबा तिथंच काढून घेतात. कोकणातल्या माणसाला हे जड जातं, पण उपाय नाही. सुकट, सुके बोंबील मात्र मासळीत मोडतात, त्यांना हा मांसाचा नियम नाही. फक्त पक्के बांध, नाहीतर सगळे कपडे बोलतील. घरचा दळलेला मसाला भरपूर घे. डाळी, कणीक, बासमती यांनी वजन वाढवू नको. तुमच्याजवळच्या निशिकासाईत भारतीय किराणा मालाची दुकानं आहेत.

औषधांकडं नीट लक्ष दे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते १० टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी जपानमध्ये नेताच येत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेव. डॉक्टरांनी लिहून दिलेली रोजची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, सोबत चिठ्ठी ठेव. त्याहून जास्त न्यायची असतील तर आधी अर्ज करून परवानगीचा कागद काढावा लागतो.

आता जेवण. सासूबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही. दिसणारं डुकराचं मांस टाळणं सोपं आहे, न दिसणारं अवघड. रामेनच्या रश्शात, करीच्या तयार वड्यांत, बटाट्याच्या चिप्सच्या मसाल्यात, पावाच्या शॉर्टनिंगमध्ये, मुलांच्या चघळायच्या गोळ्यांच्या जेलेटिनमध्ये ते असू शकतं. आणि अल्कोहोल तर सोयासॉस आणि मिसोमध्ये टिकण्यासाठी घालतात. मिरिन आणि स्वयंपाकाची साके या दोन दारू जपानी रसोईत आपल्याकडच्या गूळ-चिंचेसारख्या सर्रास पडतात, अगदी भाजी शिजवतानाही. म्हणून “मी शाकाहारी आहे” असं सांगून सुटका होत नाही. शिवाय भाजीचं सूपसुद्धा मासळीच्या किंवा कोंबडीच्या अर्कावर केलेलं असू शकतं.

माझा एक सल्ला इतरांपेक्षा वेगळा आहे. जपानी लिपी शिकताना सगळे हिरागाना या अक्षरमालेपासून सुरुवात करायला सांगतात. तू काताकाना या दुसऱ्या अक्षरमालेपासून कर. मूळ अक्षरं ४६ आहेत, गावी असतानाच महिनाभर रोज थोडा वेळ दिलास तर येतील. कारण असं की परदेशातून आलेले शब्द काताकानात लिहितात, आणि आपल्याला टाळायच्या बऱ्याच वस्तू त्यातच लिहिलेल्या असतात: पोर्क, लार्ड, जेलेटिन, शॉर्टनिंग, अल्कोहोल, बेकन, हॅम. त्यावर दोनच चित्राक्षरं पाठ कर, एक डुकराचं आणि एक दारूचं. दारूचं अक्षर ओळखता आलं की ‘शुसेई’ आणि ‘र्योरिशु’ दोन्ही पाकिटावर सापडतात. पहिलं म्हणजे टिकवण्यासाठी घातलेलं अल्कोहोल, दुसरं स्वयंपाकाची दारू. बाकीच्यासाठी मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून देतो, पण दुकानात मुलगी हात ओढत असताना प्रत्येक पाकिटावर मोबाइल धरणं होत नाही. डोळ्यांना सवय झाली की दोन क्षणांत कळतं.

पाकिटावर ॲलर्जीची चौकट असते आणि तिच्यात डुकराचं चित्र नसलं की नवीन आलेले लोक निर्धास्त होतात. तसं करू नको. अंडं, दूध, गहू, कोळंबी अशा काही गोष्टी लिहिणं सक्तीचं आहे. डुकराचं मांस आणि जेलेटिन लिहावं अशी फक्त शिफारस आहे. तेव्हा घटकांची पूर्ण यादी वाच. ‘न्यूकाझाई’ म्हणजे इमल्सिफायर दिसला तर तो सोयाबीनचा की प्राण्याचा हे पाकिटावर बहुधा नसतं. तिथं कंपनीचा ग्राहकांसाठीचा फोन नंबर छापलेला असतो. नवऱ्याच्या एखाद्या सहकाऱ्याला फोन करायला सांग. इथल्या कंपन्या असा प्रश्न मनावर घेतात, शोधून सांगतात.

सोयासॉसबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. आंबवताना आपोआप तयार होणारं अल्कोहोल आणि वरून घातलेलं अल्कोहोल यांत काही जण फरक करतात, काही करत नाहीत. तू आणि नवरा दोघांनी बसून, ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारून, तुमच्या घराची रेघ कुठं ते एकदाच ठरवा. रोज दुकानात उभं राहून वाद घालण्यात जीव शिणतो, आणि मुलगी दोघांची दोन उत्तरं ऐकते. हलाल प्रमाणपत्राचा सोयासॉस हलाल दुकानांत मिळतो, म्हणजे ज्यांना शंकाच नको त्यांचीही सोय आहे.

मटण-चिकनची चिंता करू नको. ग्योमु सुपर नावाच्या स्वस्त दुकानांत ब्राझीलचं गोठवलेलं चिकन मिळतं आणि त्यातल्या काही पाकिटांवर हलालचा शिक्का असतो. प्रत्येकावर नसतो, शिक्का बघूनच उचल. शिन-ओकुबो स्टेशनजवळ एका गल्लीत ओळीनं हलाल दुकानं आहेत. मटण, गोश्त, मसाले, खजूर, सगळं तिथं मिळतं. हलाल किराणा ऑनलाइन मागवला तर गोठवलेला माल थेट दारात येतो.

पण खरं सांगू का, कोकणातल्या मुसलमानाला जपानइतका सोयीचा परका देश क्वचितच मिळेल, कारण इथं मासळी आहे. बांगड्याच्या जातीतली ‘साबा’, ‘आजी’, ‘ताई’ नावाचा लाल-गुलाबी मासा, कोळंबी, माकुल. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मजहबाचे, समुद्रातल्या खाण्याबद्दल आपल्या मजहबात मोकळीक जास्त. हनफी शेजारीण कोळंबीपाशी थबकते तेव्हा तिच्याशी वाद घालू नको, तिच्यासाठी मासा तळ. सुपरमार्केटमध्ये मासळी साफ करून मिळते. घरचा मसाला लावला, नारळाच्या दुधाचा डबा फोडला की कालवण होतं. तांदळाची भाकरी हवी तर ‘जोशिन्को’ नावाचं पीठ घे. ‘मोचिको’ घेऊ नको, ते चिकट तांदळाचं असतं, भाकरी थापलीच जात नाही. जोशिन्कोची उकड काढताना पाणी नेहमीपेक्षा जरा कमी घाल.

बाहेर खाताना एक वाक्य पाठ असू दे: “शूक्योजो नो रियू दे, बुतानिकु तो आरुकोरु वा ताबेरारेमासेन.” धर्माच्या कारणानं डुकराचं मांस आणि अल्कोहोल खाता येत नाही, असा त्याचा अर्थ. जपानीत लिहिलेलं छोटं कार्ड करून पर्समध्ये ठेव आणि त्यात “रस्सा, अर्क, चरबी, मिरिनसुद्धा नाही” हे जरूर लिहून घे. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की काही जण हॅमचे तुकडे घातलेलं सॅलड आणून ठेवतात, त्यांच्या हिशेबात ते मांस नसतं. मुलीला गोड हवं झालं तर मोची, योकान, दाइफुकु हे जुने जपानी पदार्थ बघ. तांदूळ, लाल चवळीसारखे आझुकीचे दाणे, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेलं कांतेन, बहुतेकदा एवढंच त्यांत असतं. यादी तरी वाचच.

नमाजेचं. टोकियोहून किब्ला, म्हणजे काबेची दिशा, पश्चिमेच्या थोडा उत्तरेला येतो, साधारण २९३ अंशांवर. घरात एकदा होकायंत्र लावून खूण करून ठेव. वेळा मात्र अंगवळणी पडायला दिवस लागतात. जूनमध्ये फजरची वेळ पहाटे पावणेतीनच्या आसपास सुरू होते आणि साडेचारच्या आधीच सूर्य उगवतो. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळून मगरिब. म्हणजे हिवाळ्यात जोहर, असर, मगरिब तिन्ही ऑफिसच्या वेळेतच येतात. नवऱ्यानं साहेबांना आधीच सांगून मोकळ्या मीटिंग रूमची पाच-सात मिनिटं मागून घ्यावी. सिगारेट ओढायला लोक उठतात त्याहून जास्त वेळ लागत नाही. जोहरची वेळ इथं बारा वाजायच्या आधीच सुरू होते, त्यामुळं ती जेवणाच्या सुट्टीत नीट बसते. मोबाइलच्या ॲपमध्ये असर शाफई पद्धतीनं लावून घे, नाहीतर हनफी वेळ दिसेल. आणि ॲपची अजान रात्री बंद ठेव, नुसतं थरथरू दे. घरांच्या भिंती पातळ असतात. पहाटे पावणेतीनला मोठ्यानं अजान वाजली तर शेजारी तोंडावर बोलणार नाहीत, घरमालकाच्या कंपनीला फोन करतील.

वजू शक्यतो घरून करून निघ. सार्वजनिक बेसिनमध्ये पाय धुणं इथं कुणाला आवडत नाही, आणि फरशीवर पाणी सांडलं तर मागून येणारी बाई ते पुसत बसते. लागलंच तर बाटलीत पाणी घेऊन सगळे अवयव एकेकदा धू आणि बेसिन पुसून बाहेर पड. संडासाची चिंता सोड, बहुतेक ठिकाणी पाण्याचा फवारा असलेलं कमोड असतं. तरी जुन्या स्टेशनांसाठी पर्समध्ये एक छोटी बाटली असू दे. नमाजेची खोली मोठ्या विमानतळांवर आहे. इतरत्र बागेचा शांत कोपरा चालतो. स्टेशनात किंवा जिन्याखाली चटई अंथरू नको, तिथं गर्दीला अडथळा होतो. क्योतोसारख्या लांबच्या प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढायची सवलत आपल्या मजहबात आहे, ती संकोच न करता घे.

मशिदींपैकी तुला जवळची ग्योतोकूची. तोझाई लाइननं निशिकासाईहून काही स्टेशनं पुढं, चिबा प्रांतात. योयोगी-उएहाराची टोकियो जामी मात्र मुलीला घेऊन एकदा बघच. तातार निर्वासितांनी १९३८ साली उभारलेली जुनी मशीद मोडकळीला आल्यावर पाडली, आणि तुर्कांनी २००० साली तिथंच नवी बांधली. बायकांना वर वेगळी जागा आहे. जपानी लोकही ती बघायला येतात, तेव्हा तिथं गेलीस की तूच पाहुण्यांची यजमान होतेस. पुढं कधी कोबेला गेलात तर तिथली १९३५ ची मशीद बघा. ती जपानमधली पहिली, आणि तिच्या वर्गणीत भारतीय व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९४५ च्या बाँबहल्ल्यातून आणि १९९५ च्या भूकंपातून ती उभी राहिली.

रोजे येती काही वर्षं हिवाळ्यात येतील, दिवस लहान, कस लागत नाही. ईदची सुट्टी नसते, नवऱ्यानं रजा आधी मागून ठेवावी. चंद्राबद्दल खेडला फोन करू नको. जवळची मशीद सांगेल त्या दिवशी ईद करा.

मुलीच्या शाळेवर तुझा खरा वेळ जाईल, आणि जाऊ दे. चार वर्षांची म्हणजे योचिएनला जाईल. ते इथलं बालवाडीसारखं, तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. ऑक्टोबर २०१९ पासून या वयाच्या मुलांची फी बरीचशी सरकार भरतं, परदेशी मुलांचीही. जेवणाचे, बसचे पैसे वेगळे. नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचार. एक म्हणजे ती संस्था कुणाची आहे. बरीच खासगी योचिएन बौद्ध मंदिरांची किंवा चर्चची असतात, तिथं रोजची प्रार्थना असते. शिक्षक फार प्रेमळ असतात आणि कुणी जबरदस्ती करत नाही, पण दाखल झाल्यावर कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. दुसरं जेवण. घरून डबा आणायचा असेल तर प्रश्नच नाही. शाळेत शिजत असेल तर महिन्याचा मेन्यू आधी मिळतो, त्याला ‘कोंदातेह्यो’ म्हणतात. तो घेऊन बाईंसोबत बस, घटक विचार, चालणाऱ्या दिवसांवर खूण कर, बाकी दिवशी डबा दे. ॲलर्जीच्या मुलांसाठी हे सगळं त्यांना करावंच लागतं, पद्धत तयार असते. तुला फक्त त्यात आपलं नाव घालून घ्यायचं आहे. पुढं प्राथमिक शाळेतही हेच चालेल.

डबा देताना त्या दिवशी वर्गात जे आहे त्याच्यासारखं काही दे. सगळ्यांना करी असेल तर तिलाही आपल्या घरची करी. लहान मुलाला वेगळं खाण्याचं दुःख नसतं, वेगळं दिसण्याचं असतं. आणि तिला घाबरवू नको. “हे खाल्लंस तर गुनाह होईल” असं चार वर्षांच्या पोरीला सांगू नको, “आपल्या घरी हे खात नाहीत” एवढं पुरे. चुकून एखादी चघळायची गोळी खाल्लीच तर ओरडू नको. तिच्यावर अजून काही फर्ज नाही. उन्हाळ्यात शाळेत पोहणं असतं, त्यासाठी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड चालतो, तेही आधी सांग. एदोगावात सीबीएसईची भारतीय शाळाही आहे. फी जास्त पडते. तीन-चार वर्षांत परतायचं असेल तर तो विचार करा. जास्त राहायचं असेल तर माझं मत जपानी शाळेच्या बाजूनं. भाषा आली की मुलीला शेजार मिळतो आणि तिच्यामागून तुलाही.

स्कार्फबद्दल विचारलंस. लोक बघतात, पण टक लावून नाही. गाडीत शेजारची जागा रिकामी राहील, वाईट वाटेल, पण तसं इतर परदेशी लोकांच्या बाबतीतही होतं. त्यामागं बोलायला लागेल याचा संकोच असतो. आजीबाई मात्र हमखास मुलीशी बोलायला येतात. गर्दीच्या वेळी काही गाड्यांत बायकांचा वेगळा डबा असतो, तो वापर. गरम पाण्याच्या झऱ्यांवर बायका बायकांत, पुरुष पुरुषांत, पण विवस्त्र होऊन एकत्र उतरतात, ते आपल्याला चालत नाही. पण ‘काशिकिरी’ म्हणजे फक्त तुमच्या कुटुंबासाठी कुलूपबंद मिळणारं कुंड तासाच्या हिशेबानं घेता येतं. थंडीत ते सुख सोडू नको.

नवऱ्याच्या ऑफिसात दारूच्या पार्ट्या असतात. ज्या मेजावर दारू आहे तिथं बसणं त्याला मंजूर नसेल तर त्यानं सहकाऱ्यांना दुपारच्या जेवणाला बोलवावं, आणि पार्टीला का येत नाही ते एकदाच, हसून, साफ सांगावं. दरवेळी तब्येतीचं कारण सांगू नये. खोटं कारण इथं लवकर ओळखलं जातं आणि मग माणूस परका होतो.

दवाखान्यात विम्यामुळं मोठ्यांना बहुधा ३० टक्केच भरावे लागतात, आणि मुलांचा बराचसा खर्च वॉर्ड उचलतो. अपॉइंटमेंट घेतानाच बाई डॉक्टर हवी म्हणून सांग: “जोसेई नो सेन्सेई.” कॅप्सूलचं आवरण जेलेटिनचं असतं. औषधवाल्याला विचारलंस तर शक्य तिथं गोळी किंवा पूड देतो. पुढं बाळंतपण इथं झालं तर विम्यातून ५ लाख येन मिळतात. रुग्णवाहिकेला ११९, पोलिसांना ११०.

भूकंपाची पिशवी पहिल्याच आठवड्यात भर. पाणी, टॉर्च, कागदपत्रांच्या प्रती या तर सगळेच ठेवतात. तू त्यात एक जादा स्कार्फ, एक लांब कुर्ता आणि काही दिवस पुरेल इतकं आपलं खाणं ठेव: खजूर, बिस्किटं, डबाबंद मासळी. आसऱ्याच्या जागी वाटलं जाणारं जेवण कशाचं आहे हे त्या गोंधळात कुणी सांगू शकत नाही. २०११ च्या त्सुनामीत टोकियोतल्या ओत्सुका मशिदीतल्या लोकांनी ईशान्येकडच्या तोहोकू भागात अन्न पोहोचवलं होतं. त्या मशिदीकडं आसपासचे जपानी लोक आजही त्या आठवणीनं बघतात.

आता मातीचं. जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांचं दहन होतं. दफनाला देशाच्या कायद्यानं बंदी नाही, पण परवानगी असलेल्या दफनभूमी फार थोड्या आहेत. टोकियोतल्या मुसलमानांना माहीत असलेली यामानाशी प्रांतातली एंझानची, शिवाय इबाराकी आणि साइतामा प्रांतांत जागा आहेत. दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर हिजी गावी नव्या कब्रस्तानाला पाणी दूषित होईल या भीतीनं विरोध झाला आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्यामुळं जागा मिळते, पण धावपळ होते आणि खर्चही बराच येतो. आणखी एक गोष्ट माहीत असू दे. मृत्यूनंतर २४ तासांच्या आत इथं दफनही करता येत नाही, दहनही नाही. आपल्याकडं मय्यत लवकरात लवकर उचलतात, इथं तेवढं थांबावंच लागतं, आणि त्यात कुणाची हयगय नसते.

म्हणून निघण्याआधी नवऱ्याशी फोनवर एकदा बोल. इथं माती की गावी, ते दोघांनी ठरवा आणि सासूबाईंनाही सांगा. गावी न्यायचं ठरलं तर मृतदेहावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते आणि टोकियोतल्या भारतीय दूतावासाचे कागद लागतात, त्याला दिवस जातात. इथंच ठरलं तर पर्समधल्या कार्डावर जपानीत लिहून ठेव की आम्ही मुसलमान आहोत, दहन करू नये, दफन हवं. त्याला ‘दोसो’ म्हणतात. खाली मशिदीचा फोन नंबर. दवाखाना स्वतःहून अंत्यविधीच्या कंपनीला बोलावतो आणि तिची रोजची वाट दहनाचीच असते. मशिदीला आधी फोन गेला तर गुस्ल, कफन, जनाजा, गाडी सगळं तिथली माणसं बघतात. अल्लाह तुम्हा सगळ्यांना लांब आयुष्य देवो. हे बोलून ठेवलं की रात्री झोप नीट लागते.

मराठी बोलायला माणसं भेटतील का, हे तू विचारलं नाहीस पण विचारणार आहेस. भरपूर भेटतील. निशिकासाईत २००० सालाच्या आसपासपासून भारतीय सॉफ्टवेअरवाले राहायला आले. त्यांच्यातलेच एक मराठी गृहस्थ, योगेंद्र पुराणिक, २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून गेले. तोक्यो मराठी मंडळ आहे. त्यांच्या कार्यक्रमात जेवण शाकाहारी असलं तर तुझं काम सोपं, नसलं तर आयोजकांना आधी कळव. फक्त मुसलमान बायकांत किंवा फक्त मराठी बायकांत अडकून पडू नको. वॉर्डात स्वयंसेवक जपानी शिकवतात, नाममात्र पैशांत. पहिल्या महिन्यातच नाव घाल. कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हेही तिथल्याच कुणाला तरी विचारून घे, घरमालकाचा पहिला राग त्याच्यावरूनच येतो.

योचिएननं मेन्यू हातात दिला की त्याचा फोटो मला पाठव. पहिल्या महिन्याचा आपण दोघी बसून वाचू, पुढचे तू एकटी वाचशील.